आवराआवरीतल्या चुका: सी प्रोग्रामच्या शेवटच्या ओळींचा आढावा

सी शिकणारा जो पहिला प्रोग्राम लिहितो, त्यातच एक चूक दडलेली असते. पडद्यावर दोन शब्द छापायचे, शून्य परत करायचे आणि बाहेर पडायचे, एवढाच तो प्रोग्राम. लिनक्सवर ‘/डेव्ह/फुल’ नावाची एक नकली फाइल असते. तिच्यात काहीही लिहायला गेले की ‘जागा शिल्लक नाही’ हेच उत्तर मिळते. या प्रोग्रामचे आउटपुट तिच्याकडे वळवून पाहा. एक अक्षरही कुठे पोहोचत नाही, तरी प्रोग्राम शून्य परत करतो, म्हणजे ‘सगळे ठीक’ असे शेलला सांगून मोकळा होतो. ‘प्रिंटएफ’ने मजकूर लिहिलेला नसतो, फक्त बफरमध्ये ठेवलेला असतो. बफरमध्ये जागा होती, म्हणून त्याने यश कळवलेले असते. खरे लिहिणे होते ते ‘मेन’ संपल्यावर, सी लायब्ररी उघड्या फाइली बंद करत असताना. तिथे ते फसते, पण शेलला द्यायचा आकडा तोवर ठरून गेलेला असतो आणि लायब्ररी ते अपयश मुकाट गिळते. जीएनयू कोअरयुटिल्समधल्या ‘कॅट’, ‘सॉर्ट’ अशा रोजच्या कमांडमध्ये यासाठी बाहेर पडताना चालणारे एक वेगळे फंक्शन नोंदवलेले असते. ते स्टँडर्ड आउटपुट स्वतः बंद करते, बंद करताना एरर आली तर ती छापते आणि अपयशाचा आकडा देऊन प्रोग्राम तिथल्या तिथे संपवते. दोन शब्द छापण्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे वाटेल. पण ‘सॉर्ट’चा निकाल अर्धाच लिहिला गेला आणि पुढच्या स्क्रिप्टने तो पूर्ण समजून मूळ फाइल पुसली, तर हा खटाटोप स्वस्तच म्हणायचा.

प्रोग्रामच्या किंवा एखाद्या फंक्शनच्या शेवटी करायच्या कामांना इंग्रजीत क्लीनअप म्हणतात, आपण आवराआवर म्हणू: मेमरी परत देणे, फाइली बंद करणे, लॉक सोडणे, तात्पुरत्या फाइली पुसणे. या आवराआवरीतच काही बिघडले तर काय करायचे, या प्रश्नावर सीच्या जगात गेली काही दशके बरेच लिहिले गेले आहे आणि बऱ्याच ठेचाही लागल्या आहेत. त्या सगळ्यांतून माझ्या मते एकच गोष्ट पुढे येते. आवराआवर या एका नावाखाली आपण दोन वेगळी कामे कोंबली आहेत. पहिले म्हणजे हातातले काम पुरे करणे: बफरमधला मजकूर डिस्कवर नेणे, व्यवहार पक्का करणे. दुसरे म्हणजे जे घेतले ते परत करणे. पहिले काम फसू शकते, आणि फसले तर ते ओरडून सांगितले पाहिजे. दुसऱ्या कामाला फसण्याची मुभाच असता कामा नये; तिथे काहीही झाले तरी उरलेल्या पायऱ्या पूर्ण झाल्याच पाहिजेत. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की एक तर खरे अपयश गिळले जाते, नाही तर परतीची वाट अर्ध्यावर सुटते. पुढे येणारे बहुतेक अपघात यांपैकी कुठल्या ना कुठल्या खात्यात बसतात.

सी भाषा या बाबतीत प्रोग्रामरला जवळजवळ काहीच देत नाही. अपवाद फेकण्याची सोय नाही, वस्तू संपताना आपोआप चालणारे डिस्ट्रक्टर नाहीत. एखाद्या फंक्शनला मेमरी, फाइल आणि लॉक या तिन्ही गोष्टी लागत असतील, आणि लॉक मिळाला नाही, तर आधीच्या दोन उलट्या क्रमाने सोडायच्या असतात. प्रत्येक अपयशाच्या जागी हे हाताने लिहिले, की काही महिन्यांनी कुणीतरी मध्येच चौथी पायरी घुसवतो आणि एखाद्या ठिकाणी ती सोडायची राहून जाते. म्हणून लिनक्स कर्नलपासून बहुतेक मोठ्या प्रकल्पांनी ‘गोटू’चा आधार घेतला. फंक्शनच्या तळाशी लेबलांची उतरंड रचायची. ज्या पायरीवर अडले तिथून योग्य लेबलावर उडी मारायची आणि तिथून खाली घसरत सगळे सोडत जायचे. डाइक्स्ट्रा यांनी मार्च 1968 मध्ये ‘गोटू’विरुद्ध लिहिलेले पत्र गाजले, त्याला क्नूथ यांनी 1974 मध्ये दीर्घ उत्तर दिले, तो वाद इथे उगाळायचे कारण नाही. मोटारींच्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली मिस्रा नियमावलीसुद्धा 2012 च्या आवृत्तीत ‘गोटू टाळा’ हे सल्ला म्हणून सांगते, आणि वापरलाच तर उडी पुढच्याच दिशेने हवी असे बंधन घालते. सर्टची सीसाठीची सुरक्षित कोडिंगची मार्गदर्शक तत्त्वे तर आवराआवरीसाठी ‘गोटू’ची साखळी वापरा असेच सुचवतात.

लिनक्सच्या कोडिंग-शैलीच्या दस्तऐवजात या उतरंडीबद्दल दोन बारीक सूचना आहेत, आणि दोन्ही अनुभवातून आलेल्या दिसतात. लेबलाला ‘एरर1’, ‘एरर2’ अशी नावे देऊ नका, तिथे काय सोडले जाते ते नावात सांगा. नाहीतर मधली एक पायरी वाढली की सगळे आकडे बदलत बसावे लागते. दुसरी सूचना जास्त महत्त्वाची: सगळ्या अपयशांसाठी एकच सामाईक लेबल ठेवू नका. एक मोठी रचना आणि तिच्या पोटातली एक छोटी रचना अशी दोनदा मेमरी मागितली, मोठीच मिळाली नाही आणि तरी सामाईक लेबलावर गेलो, तर तिथली पहिली ओळ ‘मोठीच्या पोटातली मोकळी करा’ म्हणते. मोठीचा पत्ता नल असतो, आणि एक साधी मेमरीटंचाई प्रोग्राम कोसळण्यात बदलते. ‘फ्री’ला नल दिला तर काही होत नाही, नलच्या पोटात हात घातला तर सगळे होते.

फेब्रुवारी 2014 मधला अ‍ॅपलचा प्रसिद्ध बग याच उतरंडीतला. सर्व्हरने पाठवलेली सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली. पहिली ‘इफ’च्या खाली होती, दुसरी दिसायला तिच्याच रांगेत, पण प्रत्यक्षात ‘इफ’च्या बाहेर. त्यामुळे अट काहीही असो, उडी बसायचीच आणि सहीची खरी तपासणी कधी व्हायचीच नाही. उडी मारताना एरर कोडमध्ये शून्य होते, कारण तोवरच्या सगळ्या पायऱ्या यशस्वी झाल्या होत्या. ‘फेल’ नावाच्या लेबलाखाली बफर मोकळे झाले आणि तेच शून्य, म्हणजे ‘सही बरोबर आहे’, परत गेले. आयफोन आणि मॅकवरची सुरक्षित जोडणी यामुळे पोकळ ठरली. यावर ‘पाहा, गोटूचे दुष्परिणाम’ असे पुष्कळांनी लिहिले, काहींनी महिरपी कंसांवर खापर फोडले. दोन्ही निदाने वरवरची आहेत. त्या फंक्शनमध्ये यशाची आणि अपयशाची वाट शेवटी एकाच लेबलातून जात होती, आणि एकेक पायरी पार पडली की एरर कोड ‘यश’च दाखवत असे. एरर कोड सुरुवातीला ‘अपयश’ धरून सगळ्या तपासण्या पार पडल्यावरच, शेवटच्या क्षणी, तो यशात बदलला असता, तर ती जादा ओळ आली असती तरी जोडणी नाकारली गेली असती. वापरकर्त्यांनी आरडाओरडा केला असता आणि बग दोन दिवसांत सापडला असता. आवराआवरीकडे जाणारी वाट डीफॉल्टने अपयशाचीच असावी, हे या प्रकरणातून शिकायचे.

त्यानंतर दोनच आठवड्यांत, मार्च 2014 मध्ये, जीएनयूटीएलएस या दुसऱ्या लायब्ररीत जवळजवळ याच्या उलटी चूक सापडली. तिथे प्रमाणपत्र तपासणारे फंक्शन ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायला हवे होते. पण आतल्या पायऱ्या अपयश कळवताना ऋण आकडे देत, आणि काही वाटांवर तेच ऋण आकडे जसेच्या तसे बाहेर जात. बोलावणारा शून्य सोडून सगळ्याला ‘हो’ समजत असे. म्हणजे प्रमाणपत्र वाचताच आले नाही, तर ते वैध ठरे. दुरुस्तीत आतल्या अपयशांना वेगळे ‘फेल’ लेबल मिळाले, जिथे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे ठरवले जाते. एका लायब्ररीला ‘गोटू फेल’ने बुडवले आणि दुसरीला त्यानेच वाचवले, ‘गोटू’ मुळात चांगला की वाईट या चर्चेत किती अर्थ आहे, ते यावरून दिसते.

उतरंड नीट रचली तरी एक प्रश्न उरतो: परत जाताना कोणती एरर सांगायची? सीमध्ये ‘एर्नो’ हे एकच ठिकाण असते आणि पुढची प्रत्येक हाक ते पुसून नवे लिहू शकते. फाइल वाचताना ‘परवानगी नाही’ अशी एरर आली, आवराआवरीत मेमरी मोकळी केली, लॉगमध्ये एक ओळ लिहिली, आणि बोलावणाऱ्यापर्यंत पोहोचले ते लॉग लिहिताना उमटलेले भलतेच कारण. उपाय जुना आहे. अपयश येताक्षणी ‘एर्नो’ बाजूला जपून ठेवायचा आणि आवराआवर झाल्यावर परत बसवायचा. ‘फ्री’सुद्धा ‘एर्नो’ बदलू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असे. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीने 2021 च्या सुरुवातीला आलेल्या 2.33 आवृत्तीत ते बदलले, आणि 2024 च्या पॉझिक्स मानकाने ‘फ्री’ने ‘एर्नो’ला धक्का लावू नये असा नियमच केला. पन्नास वर्षे जुन्या भाषेतल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या आवराआवरीच्या फंक्शनला शिस्त लागायला इतकी वर्षे जावी लागली, यातून या विषयाकडे किती दुर्लक्ष झाले ते कळते. पहिली एरर हीच खरी. नंतर आवराआवरीत आलेल्या एररची लॉगमध्ये नोंद करा, पण पहिलीवर चढवू नका. उलट, पहिले काही बिघडले नसेल आणि आवराआवरीत काम पुरे करण्याची पायरीच फसली असेल, तर तीच पहिली एरर.

ही शेवटची पायरी किती वेळा दुर्लक्षिली जाते याचे मोजमाप उपलब्ध आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये लिनक्सच्या फाइल सिस्टिम आणि साठवणीच्या ड्रायव्हरांमधून एरर कोड कसे वाहतात ते तपासले. एरर परत देऊ शकणाऱ्या 9,022 हाकांपैकी 1,153 ठिकाणी, म्हणजे सुमारे 13 टक्के, तो कोड कुणी जपूनच ठेवत नव्हते. त्यातही वाचतानाच्या एररपेक्षा लिहितानाच्या एरर जास्त हरवत. हा आकडा मला नवख्यांच्या निष्काळजीपणाचा वाटत नाही. कर्नलचा कोड जगातल्या सर्वांत जास्त डोळ्यांखालून जातो. वाचताना एरर आली तर पुढे जायला हातात काही नसते, म्हणून ती अडवते. लिहिण्याची एरर येते तेव्हा वरचा थर ‘झाले’ म्हणून पुढे गेलेला असतो. ती ऐकायला कुणी जागेवर उरलेलेच नसते.

‘क्लोज’ हे फंक्शन या गोंधळाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. ते दोन्ही कामे एकाच हाकेत करते: नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिममध्ये अडलेला मजकूर पुढे ढकलते आणि फाइलचा क्रमांकही परत करते. एनएफएसवर किंवा कोटा लावलेल्या डिस्कवर ‘जागा संपली’ ही बातमी कधी कधी ‘क्लोज’च्या वेळीच पहिल्यांदा कळते. मग ‘क्लोज’ फसले तर पुन्हा बोलवायचे का? सिग्नलने व्यत्यय आला, तर इतर हाका पुन्हा करायच्या असतात, म्हणून पुष्कळ जण इथेही तसाच लूप लिहितात. लिनक्सवर हे धोक्याचे आहे. तिथे ‘क्लोज’ने एरर दिली तरी क्रमांक आधीच मोकळा झालेला असतो. मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने नवी फाइल उघडली तर तिला तोच क्रमांक मिळतो, आणि आपला दुसरा ‘क्लोज’ त्या अनोळखी फाइलवर जाऊन आदळतो. तिथून पुढे एका भागाचा मजकूर दुसऱ्याच्या फाइलमध्ये जायची वाट मोकळी होते. एचपी-यूएक्सवर मात्र व्यत्ययानंतर फाइल उघडीच राहते. पॉझिक्स मानकाने हा मुद्दा बराच काळ मोघम ठेवला होता. 2024 च्या आवृत्तीत ‘पॉझिक्स_क्लोज’ नावाचे वेगळे फंक्शन आले. ‘एफक्लोज’बाबत सीचे मानक आधीपासून स्पष्ट आहे: ते फसले तरी स्ट्रीम संपला, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. म्हणजे परत देण्याचे काम नेहमी पूर्ण होते. एरर असते ती काम पुरे करण्याबद्दलची. या दोन्हींना वेगळे पाडायचे असेल तर ‘क्लोज’च्या आधी ‘एफफ्लश’ आणि ‘एफसिंक’ करून उत्तर तपासावे, आणि ‘क्लोज’ एकदाच बोलवावे.

‘एफसिंक’ केले की सुटलो, हाही समज 2018 मध्ये मोडला. पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकांच्या लक्षात आले, की लिनक्सवर ‘एफसिंक’ एकदा फसले, तर डिस्कवर न पोहोचलेली पाने कर्नल ‘स्वच्छ’ म्हणून खुणावतो. प्रोग्रामने प्रामाणिकपणे पुन्हा ‘एफसिंक’ केले, तर उत्तर मिळते ‘यश’, कारण आता लिहायला काही शिल्लकच नसते. मजकूर मात्र गेलेला असतो. पोस्टग्रेसची वर्षानुवर्षांची धारणा पुन्हा प्रयत्न करण्याची होती. फेब्रुवारी 2019 च्या आवृत्त्यांत त्यांनी ती सोडली: ‘एफसिंक’ फसले की सर्व्हर तिथेच थांबवायचा आणि पुढच्या वेळी नोंदवहीतून, म्हणजे राइट-अहेड लॉगमधून, सगळे पुन्हा उभे करायचे. विस्कॉन्सिनच्याच गटाने 2020 मध्ये रेडिस, एसक्यूलाइट, लेव्हलडीबी, एलएमडीबी आणि पोस्टग्रेस या पाचांची वर्तणूक तीन फाइल सिस्टिमवर तपासली, तेव्हा कुणाचीही रीत पूर्णपणे पुरेशी ठरली नाही. काम पुरे करण्याची पायरी फसली, तर आवराआवरीच्या कोपऱ्यात बसून ती दुरुस्त करू नये, हा पोस्टग्रेसचा निर्णय मला या सगळ्या आढाव्यातला सर्वांत प्रौढ निर्णय वाटतो.

आता दुसऱ्या कामाकडे, परत देण्याकडे. ते फसू शकणार नाही असेच रचायला हवे, या मताला कर्नलनेच अलीकडे दुजोरा दिला आहे. लिनक्समध्ये उपकरण काढून घेतले की ड्रायव्हरचे ‘रिमूव्ह’ फंक्शन बोलावले जाते. ते पूर्वी पूर्णांक परत करत असे. अनेक ड्रायव्हर-लेखकांना वाटे, की आतली एखादी पायरी फसली तर एरर परत करावी, म्हणजे उपकरण राहील आणि नंतर पुन्हा प्रयत्न होईल. प्रत्यक्षात गाभा ते उत्तर वाचून फार तर एक इशारा छापत असे, उपकरण जायचेच. एरर देऊन मध्येच परतलेल्या ड्रायव्हरची उरलेली आवराआवर मात्र कायमची राहून जाई, आणि मेमरी गळत राही. गेल्या काही वर्षांत हजारो ओळी बदलून आय-टू-सी, एसपीआय, प्लॅटफॉर्म अशा एकेका बसच्या ‘रिमूव्ह’चे उत्तरच काढून टाकण्यात आले. आता ते काही परतच करत नाही, त्यामुळे अर्ध्यात सुटण्याचा मोह होण्याचे कारण उरत नाही. सिस्टिमडीमध्ये फाइल बंद करणाऱ्या छोट्या फंक्शनचे वर्णनच ‘हे फसू शकत नाही’ असे आहे: ऋण क्रमांक दिला तर गप्प राहते, ‘एर्नो’ जसाच्या तसा ठेवते आणि ऋण आकडा परत देते, म्हणजे तोच आकडा पुन्हा चलात ठेवला की दुहेरी बंद व्हायची भीती संपते. एकच अपयश ते सहन करत नाही: क्रमांक मुळातच खोटा असेल तर प्रोग्राम थांबवते, कारण ती परिस्थितीची एरर नसते, प्रोग्रामरची चूक असते.

आवराआवरीने नवे काही मागू नये, हा याचाच पुढचा भाग. मेमरी संपली म्हणून आपण परतीच्या वाटेवर आहोत आणि तिथे एररचा संदेश जुळवायला पुन्हा मेमरी मागतो, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूप सर्रास घडतो. पोस्टग्रेस एररच्या संदेशांसाठी निदान आठ किलोबाइटची मेमरी आधीच बाजूला काढून ठेवते, म्हणजे ‘मेमरी संपली’ हे सांगायला तरी मेमरी उरते. सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनात तर हा नियम आणखी कडक होतो. मेमरी वाटप अर्ध्यावर असताना सिग्नल आला आणि हँडलरने पुन्हा तेच वाटप केले, तर हिशेबाची वही फाटते. जुलै 2024 मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलेला ओपनएसएसएचमधला बग नेमका हा. लॉगिनला दिलेला वेळ, साधारणतः 120 सेकंद, संपला की अलार्मचा सिग्नल येई. त्याचा हँडलर जोडणी आवरताना लॉगमध्ये नोंद करी, आणि ती नोंद करणारे ‘सिसलॉग’ आतून मेमरी मागे. जीलिबसीवर ही वेळ साधून हल्लेखोराला रूटचे अधिकार मिळवता येत होते. हाच बग 2006 मध्ये एकदा दुरुस्त झाला होता. 2020 च्या एका बदलात संरक्षणाची एक अट निघून गेली आणि तो परत आला. आवराआवरीतल्या ओळींची चाचणी कुणी करत नाही, म्हणून अशी अट निघाली तरी काही दिसत नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप नेहमीचा: इतके कशाला? प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी परत घेते, फाइली बंद करते. उगाच ‘फ्री’ करत बसणे म्हणजे वेळ घालवणे. हे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्यापुरते मी ते मान्य करतो. एकदा चालून संपणाऱ्या छोट्या प्रोग्रामने शेवटी मेमरीचा एकेक तुकडा मोकळा करणे ही निव्वळ औपचारिकता आहे, आणि तिथेच दुहेरी मोकळीक घडून प्रोग्राम शेवटच्या क्षणी कोसळू शकतो. पण ऑपरेटिंग सिस्टिम तेवढेच परत घेते जे तिने दिले. स्टँडर्ड आयओचा बफर प्रोग्रामच्या मेमरीत असतो, तो प्रोग्रामबरोबर जातो. नाव दिलेली शेअर्ड मेमरी, तात्पुरत्या फाइली, लॉक-फाइल, पलीकडच्या सर्व्हरवरचा अर्धवट व्यवहार यांच्याकडे ती पाहतही नाही. आणि लायब्ररी लिहिणाऱ्याला ही सबब मुळीच चालत नाही. त्याचा कोड महिनोन्महिने चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बसणार असतो. मार्च 2002 मध्ये झेडलिबमध्ये सापडलेली चूक आठवावी: मुद्दाम बिघडवलेला डेटा उलगडताना, एररच्या वाटेवर, मेमरीचा एक तुकडा दोनदा मोकळा होत असे. झेडलिब तेव्हाही असंख्य प्रोग्रामांत होती, त्यामुळे एका लायब्ररीतली आवराआवर सगळ्यांच्याच अंगाशी आली.

याच आक्षेपाचे धारदार रूप कँडिया आणि फॉक्स या संशोधकांनी 2003 मध्ये मांडले. त्यांचे म्हणणे, की प्रोग्राम थांबवण्याचा एकच मार्ग ठेवा, कोसळणे. आणि सुरू करण्याचा एकच, सावरणे. वीज कधीही जाऊ शकते, म्हणून सावरण्याचा कोड लिहावाच लागतो. मग नीटनेटक्या समाप्तीची वेगळी वाट का सांभाळायची? हा विचार मला पटतो, आणि तो माझ्या मांडणीच्या विरोधात जात नाही. पोस्टग्रेसने ‘एफसिंक’बाबत केले ते हेच. पण कोसळून सावरायचे असेल, तर जे पुरे झाले म्हणून सांगितले ते खरोखर डिस्कवर असायला हवे. म्हणजे कोसळण्याला मोकळीक द्यायची असेल, तर काम पुरे करण्याची पायरी अधिकच काटेकोर हवी; सुटते ती फक्त परत देण्याची.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे सीचे दुखणे आहे, भाषा बदला, प्रश्न संपेल. इतर भाषा या प्रश्नावर काय करतात ते पाहिले तर उलटेच दिसते. सी++11 पासून डिस्ट्रक्टर अपवाद फेकणार नाहीत असे गृहीत धरले जाते. फेकला तर प्रोग्राम थांबतो. रस्टमध्ये फाइल व्याप्तीबाहेर गेली की आपोआप बंद होते, पण बंद करतानाची एरर दुर्लक्षित होते, आणि ती हवी असेल तर आधी ‘सिंक_ऑल’ बोलवा असे दस्तऐवज सांगतो. गोमध्ये ‘डिफर’ने फाइल बंद केली की तिचे उत्तर कुणी वाचत नाही, जोवर मुद्दाम वाचले जात नाही. जावाने 2011 मध्ये आवराआवरीतला अपवाद पहिल्या अपवादाला जोडून ठेवण्याची सोय केली, म्हणजे पहिली एररच खरी हे मान्य केले. चार भाषांनी चार वाटांनी एकच तोडगा गाठला: परत देणे आपोआप व्हावे आणि ते फसू नये, काम पुरे करणे प्रोग्रामरने स्वतः, उघडपणे करावे. विभागणी कामाच्या स्वभावातच आहे. भाषा बदलली तर परत देण्याचे कष्ट वाचतात, काम पुरे झाले की नाही हे पाहण्याचे वाचत नाहीत.

सीलाही ही सोय काही प्रमाणात आली आहे. जीसीसीचे ‘क्लीनअप’ अ‍ॅट्रिब्यूट 2003 पासून आहे. चल व्याप्तीबाहेर गेले की नेमून दिलेले फंक्शन चालते. सिस्टिमडी आणि जीलिब यांनी ते सर्रास वापरले, आणि 2023 पासून लिनक्स कर्नलनेही. कर्नलच्या मार्गदर्शनात एक शहाणी अट आहे: एकाच फंक्शनमध्ये ‘गोटू’ची उतरंड आणि ही स्वयंचलित सोय मिसळू नका, कारण सोडण्याचा क्रम वाचणाऱ्याला कळेनासा होतो. जीसीसीचा दस्तऐवज मात्र आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती लोक वाचत नाहीत: त्या फंक्शनने परत केलेले उत्तर टाकून दिले जाते. म्हणून मेमरी आणि लॉक यांच्यासाठी हे अ‍ॅट्रिब्यूट उत्तम. नुकत्याच लिहिलेल्या फाइलचा ‘एफक्लोज’ त्याच्यावर सोपवला, तर पहिल्या प्रोग्राममधली चूक आपण नव्या साधनाने पुन्हा केली असे होईल. सी23 मानकात ‘डिफर’ आले नाही, त्यासाठी वेगळ्या तांत्रिक विनिर्देशाचे काम हाती घेण्यात आले. ते आले तरी ही मर्यादा तिथेही राहणारच.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. या वाटा क्वचित चालतात, त्यांच्यावर वेळ घालवणे परवडत नाही. क्वचित चालतात हेच तर त्यांच्या कुजण्याचे कारण. कर्नलमध्ये छोट्या मेमरी-मागण्या प्रत्यक्षात जवळजवळ कधीच नाकारल्या जात नाहीत, हे 2014 च्या अखेरीस चर्चेत आले, तेव्हा त्या नाकारू देण्याच्या कल्पनेनेच विकासक धास्तावले. कारण हजारो एररवाटा वर्षानुवर्षे एकदाही चाललेल्या नव्हत्या, आणि त्या चालतील की कोसळतील हे कुणालाच सांगता येत नव्हते. टोरांटो विद्यापीठातल्या गटाने त्याच वर्षी पाच वितरित प्रणालींमधली 198 अपयशे तपासली. त्या प्रणालींपैकी चार जावातल्या आणि एक, रेडिस, सीमधली. सगळी प्रणालीच बसवणाऱ्या अपयशांपैकी 92 टक्क्यांच्या मुळाशी अशी एरर होती, जी प्रोग्रामला नीट कळवली गेली होती पण चुकीची हाताळली गेली. 35 टक्क्यांत तर हाताळणीच अगदी क्षुल्लक चुकांची होती: एरर गिळणे, किंवा ‘इथे नंतर लिहू’ असा शेरा ठेवून पुढे जाणे.

यावर उपाय असतो, आणि तो सीमध्येच कुणीतरी वर्षानुवर्षे करत आहे. एसक्यूलाइटच्या चाचण्यांत मेमरी-वाटपाचे एक बदललेले फंक्शन बसवलेले असते. पहिल्या फेरीत ते पहिली मागणी नाकारते, दुसऱ्या फेरीत दुसरी, तिसऱ्यात तिसरी, आणि हे तोवर चालते जोवर सगळे काम एकही नकार न येता पार पडत नाही. मग हाच फेरा पुन्हा, पण या वेळी एकदा नकार दिला की पुढच्या सगळ्या मागण्याही नाकारायच्या, म्हणजे आवराआवरीतच कुणी मेमरी मागत असेल तर ते उघडे पडते. डिस्कवर लिहिणे-वाचणे फसवण्याच्या चाचण्याही याच पद्धतीच्या; प्रत्येक फेरीनंतर डेटाबेस शाबूत आहे की नाही ते तपासले जाते. यात गणिताची कुठली अवघड क्लृप्ती नाही. ज्यांच्या हाती सीचा जुना, चालता कोड आहे, त्यांनी ‘मॅलॉक’, ‘राइट’, ‘एफसिंक’ आणि ‘क्लोज’ यांवर असे एक पातळ आवरण चढवावे आणि स्वतःच्याच नेहमीच्या चाचण्या त्याखाली पुन्हा चालवाव्यात. आवरण शंभरेक ओळींत बसते. नव्या नियमावल्या वाचण्याआधी ते लिहावे.